शेवटच्या खुणेपाशी

आमच्या उद्यानात तीन धबधबे आहेत, दोन तळी आहेत, एक खोल घळ आहे, आणि या सगळ्यांचे फोटो काढणारे हजारो लोक आहेत. झाडांवरच्या आणि दगडांवरच्या पिवळ्या पट्ट्यांचा फोटो मात्र आजवर एकानेही काढलेला नाही. ते पट्टे नसते तर यातले निम्मे लोक फोटो दाखवायला घरी पोचलेच नसते. पण ते जाऊ दे. मी खुणा रंगवणारी बाई, मला कोण विचारतंय.

माझ्याआधी हे काम बाबांनी केलं, एकतीस वर्षं. मी सहा वर्षांची असल्यापासून त्यांच्यामागे रंगाचा छोटा डबा घेऊन फिरायची, म्हणून त्यांनी माझं नाव डबडी ठेवलं. आज मी पंचेचाळीसची आहे, केस पिकलेत, गुडघा कुरकुरतो, तरी मी डबडीच.

पायवाटेची खूण म्हणजे उभा पट्टा. वीतभर उंच, चार बोटं रुंद, डोळ्यांच्या उंचीवर, दर चाळीस पावलांवर एक. एकावर एक दोन पट्टे असले तर इथे वळा. आणि प्रत्येक खूण दोन्ही अंगांनी करायची, जाणाऱ्यासाठी एक आणि परत येणाऱ्यासाठी एक. "जायच्या खुणा कोणीही करेल. येणाऱ्याची आठवण ठेवावी लागते," बाबा म्हणायचे. आणखी एक नियम होता, त्यावरून मी लहानपणी धपाटेही खाल्लेत. हातातला ब्रश चिंधीलाच पुसायचा. झाडाला नाही, दगडाला नाही, खांबाला नाही. "तू नुसतं पुसतेस, पण समोरचा ते वाचतो," हे त्यांचं म्हणणं.

उद्यानाच्या फाटकापाशी एक फळा आहे. त्यावरचा मजकूर बाबांचाच. "खूण दिसेनाशी झाली तर शेवटच्या खुणेपाशी परत या. तिथेच बसा. कोणीतरी येईल." तेव्हाच्या साहेबांना तिथे 'संबंधित विभागाशी संपर्क साधावा' असं हवं होतं. बाबांनी विचारलं, "घळीत कशाने साधायचा, शिट्टीने?" फळा तसाच राहिला.

दोन वर्षांपूर्वी बाबा विसरायला लागले. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. ते बाबा दवाखान्याच्या पायरीवरच विसरले, आणि खरं सांगायचं तर मीही विसरले. आधी चष्मा, मग जेवलो की नाही ते, मग आई जाऊन नऊ वर्षं झाली ते. पुढे पुढे घरातल्या घरात वाट चुकायला लागले. तीन खोल्यांचं घर आमचं, पण न्हाणीघराला निघालेला माणूस कपाटासमोर जाऊन उभा राहायचा आणि कपाटाला विचारायचा, "आत कोणी आहे का?" मी हसायचे. नंतर त्याच कपाटाला डोकं टेकून रडायचे. चांगल्या दिवशी मी डबडी असायचे. वाईट दिवशी ते मला अहो-जाहो करायचे, चहाचा कप हातात दिला की "आभारी आहे बाई" म्हणायचे. असे दिवस वाढत होते. एक दिवस डबडी कायमची जाईल आणि आपण या घरात नुसती एक बाई म्हणून उरू, अशी मला भीती वाटायची.

शेवटी मी माझ्या अकलेने एक उपाय केला. उरलेला पिवळा रंग आणला आणि पलंगापासून न्हाणीघरापर्यंत भिंतीवर पट्टे ओढले. वळणावर दोन. दुसऱ्या दिवशी बाबा उठले, भिंत बघितली आणि न चुकता गेले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. पण बराच वेळ झाला तरी ते परत येईनात. जाऊन बघते तर न्हाणीघराच्या दारात बादलीवर बसलेले.

"बाबा, इथे का बसलात?"

"शेवटची खूण इथे आहे. परतीच्या खुणा नाहीत. कोणी रंगवलंय हे? काय हा गाढवपणा!"

एवढा ओरडा खाऊन माझ्यासारखी खूश बाई दुसरी नसेल. त्याच दुपारी मी परतीचे पट्टे रंगवले. रंगवून झाल्यावर ब्रश धुवायला अंगणात आले तर चिंधी आत राहिलेली. दिवसभराची दमले होते. परत आत कोण जाणार म्हणून ब्रश फाटकाच्या खांबाला पुसला. वरून खाली, एकदाच.

आता उद्यानाकडे येते. गेल्या वर्षी घळीच्या वाटेवर दरड कोसळली. कपाटाएवढे दगड खाली आले आणि वरचा उतार सुटाच राहिला. वाट बंद केली. डोंगराच्या धारेवरून नवी वाट काढली, तिला निळ्या पत्र्याच्या तयार खुणा ठोकल्या, आणि नव्या साहेबांनी मला बोलावलं.

"जुने पट्टे राहिले तर लोक त्यांच्यामागे जातील. सगळे झाका."

चुकीचं काहीच नव्हतं त्यात. मी दगडाच्या रंगाचा करडा रंग घेतला आणि वरच्या तळ्यापासून खाली फाटकाच्या दिशेने पिवळे पट्टे झाकायला सुरुवात केली. एकतीस वर्षांचं काम, दिवसाला तीस-पस्तीस खुणा. संध्याकाळी बाबा विचारायचे, "आज कुठवर रंगवलंस?" मी सांगायचे, "दुसऱ्या धबधब्यापर्यंत." खोटं नव्हतं ते. रंग तेवढा वेगळा होता.

तो शनिवार. अर्धा दिवस काम. मी झाकत झाकत बसक्या दगडापाशी आले. हा दगड सुट्या उताराच्या बरोबर खाली आहे, त्याच्यावर पट्टा आहे, आणि तिथून फाटकापर्यंत आणखी पंचवीस खुणा. घड्याळात एक वाजून गेला होता. वरून बारीक खडे घरंगळत होते. म्हटलं, मरू दे, सोमवारी पहिला हाच. डबा पिशवीत टाकला, पाय मोकळे करायला वरच्या तळ्यावरून फेरी मारली आणि मागच्या रस्त्याने घरी निघाले.

घरी पोचले तेव्हा तीन वाजत आले होते. मी कामावर असले की शेजारच्या काकू बाबांजवळ बसतात. त्या फाटकातच उभ्या होत्या, एकट्याच.

"पाच मिनिटं डोळा लागला गं माझा. पाचच मिनिटं. उठून बघते तर पलंग रिकामा."

"किती वाजता?"

"दीड... दोन असेल. मी सगळीकडे बघितलं. मला काही सुचेना गं."

त्यांच्यावर ओरडून काय होणार होतं? तरी मी ओरडलेच. मग अंगावरचा कामाचा कोट आणि खांद्यावरची पिशवी तशीच घेऊन धावले. वाण्याकडे, औषधांच्या दुकानात, न्हाव्याकडे, शाळेच्या मैदानात. कोपऱ्यावरच्या चांभाराने पाहिलं नव्हतं, पाववाल्याने पाहिलं नव्हतं. भर दुपारी एक उंच म्हातारा माणूस पायात घरातल्या सपाता घालून चालत जातो आणि कोणाला दिसत नाही, याला काय म्हणावं! घरी परत आले, पोलिसांना फोन करावा म्हणून फाटकाला हात लावला, आणि खांबावरचा तो पट्टा दिसला.

वीतभर. चार बोटं. उभा. खिडकीतून बरोबर डोळ्यांच्या उंचीवर दिसणारा.

मी पुसलं होतं. बाबांनी वाचलं होतं.

पट्टा मागे टाकून मी रस्त्याकडे बघितलं. आमच्या रस्त्याच्या कडेला, गाड्या उभ्या करू नयेत म्हणून ओढलेली पिवळी रेघ आहे. अठरा वर्षं त्या रस्त्याने जातेय, आज पहिल्यांदा ती मला दिसली. ती वाण्यासमोरून जात नाही, दुसऱ्या बाजूने जाते. दवाखाना, टपाल कार्यालय, पेट्रोलपंप करत थेट उद्यानाच्या फाटकापर्यंत. मी त्या रेघेवरून धावत सुटले.

खिडकीतली तिकीटवाली मला बघून हसली. "अगं, बाबा आलेत तुझे! मीच आत सोडलं. कडक सॅल्यूट ठोकला त्यांना. त्यांच्याकडून कसलं तिकीट घ्यायचं?"

"कुठल्या वाटेने गेले?"

तिने घळीकडे बोट दाखवलं आणि तिचं हसू मावळलं. घळीच्या वाटेला दोर बांधलेला आहे. पण असले दोर बांधण्यात ज्याचा जन्म गेला त्याला दोर कोण अडवणार?

मी तिथूनच साहेबांना फोन केला. ते म्हणाले, बचाव पथक खालच्या तळ्याच्या पलीकडे आहे, पोचायला दोन तास लागतील. "आणि तू आत जाऊ नकोस. उतार सुटा आहे. ऐकतेस ना?"

"ऐकते साहेब," म्हटलं, आणि दोराखालून गेले.

कुठे शोधायचं हा प्रश्नच नव्हता. पट्टे संपले की माणसाने काय करायचं ते फळ्यावर लिहिलेलं होतं, आणि ते कुठे संपतात ते माझ्याइतकं कोणाला माहीत? त्या दिवशी ते मीच ठरवलं होतं.

बाबा बसक्या दगडापाशीच होते. पट्ट्याला पाठ टेकून, हात गुडघ्यांवर, बस यायची आहे अशा थाटात. खाली घळीत पाणी गरजत होतं. वरून खडे येत होते, एखादा मुठीएवढाही. एक त्यांच्या पायाशी पडला तर त्यांनी तो उचलून नीट बाजूला ठेवला.

"बाबा!"

त्यांनी वर बघितलं. अनोळखी माणसाकडे बघावं तसं, सभ्यपणे.

"नमस्कार. वाट चुकलात का? घाबरू नका, बसा इथे. कोणीतरी येईल."

"बाबा, मी आलेय ना. चला, घरी जायचंय."

"मला नाही येता येणार. माझी मुलगी येणार आहे. ती इथे खुणा रंगवते."

"मीच ती! अहो, मी डबडी!"

ते हसले, समजूतदारपणे, लहान मुलाची थाप ऐकून हसावं तसे. "डबडी एवढीशी आहे हो," आणि हाताने माझ्या कमरेएवढी उंची दाखवली.

मी त्यांचा दंड धरून ओढलं. त्यांनी दगडाला मिठी मारली. एकाहत्तरचे असले तरी डोंगर चढलेला माणूस, हलेना. मी जोर लावला तशी त्यांनी लाथ झाडली, माझा पाय ओल्या कडेवरून सटकला आणि पाचपन्नास दगडगोटे खडखडत घळीत गेले. वाट तिथे एका माणसाच्या रुंदीची आहे. झटापट केली असती तर दोघंही गेलो असतो. मी त्यांच्यासमोर मटकन खाली बसले. फोनला रेंज नव्हती. वर बघितलं तर टेबलाएवढा एक दगड मातीच्या काठावर बसलेला. काय करावं ते सुचेना. जन्म दिलेला बाप हाताच्या अंतरावर होता आणि मला त्याला उठवता येत नव्हतं.

माझ्या पिशवीतला डबा कलंडला आणि झाकणाशी करडा ओघळ आला. बाबांनी तो बघितला. मग मान वळवून पलीकडच्या खडकावरचा मी सकाळी झाकलेला पट्टा बघितला.

"हे तुम्ही करताय?"

मी डबा सरळ करून झाकण दाबलं.

"तुम्ही पुसताय या खुणा?" त्यांचा आवाज चढला. "लोक चुकतील ना! परत कसे येतील? कोणी सांगितलं तुम्हाला?"

"साहेबांनी. वाट बंद झालीय. दरड आलीय, बघा ना वर..."

"साहेब येतात आणि जातात. माझ्या मुलीला कळलं तर ती तुम्हाला सोडणार नाही. ती असलं काम कधीच करायची नाही."

ते ऐकून मला रडू फुटलं. तोंड दाबायलाही सुचलं नाही, भोकाड पसरून रडले. ते अवघडले, खिसे चाचपले, रुमाल सापडला नाही. "पोटासाठी करत असाल," ते म्हणाले. "रडू नका."

तेवढ्यात वरून पोळपाटाएवढा एक दगड आला, बसक्या दगडाच्या कडेला आपटला आणि उडून खाली गेला. आणि मला फळा आठवला. शेवटच्या खुणेपाशी परत या. बाबा माझ्यासाठी उठणार नव्हते. ते फक्त खुणेसाठी उठतील.

मी डबा उघडला. ब्रश बुडवला. त्यांच्या खांद्यावरून हात नेऊन त्यांच्या पाठीमागचा पट्टा एका हातात झाकला. मग दुसऱ्या अंगाचा.

"अहो! काय करताय!"

"खूण गेली बाबा," मी म्हटलं. "आता ही शेवटची नाही."

ते उठले, दगडाकडे वळले, ओल्या करड्या रंगाला बोट लावलं. मग फाटकाच्या दिशेने मान वळवली. चाळीस पावलांवर, वाकलेल्या झाडाच्या बुंध्यावर पिवळा पट्टा होता. ते निघाले. एक पाय, मग दुसरा, सपाता फटफट वाजवत. झाडापाशी पोचले आणि बुंध्याला टेकून बसले.

"कोणीतरी येईल," ते मला बजावून म्हणाले.

मी तोही झाकला.

अशी आमची वरात निघाली. ते पुढे, मी मागे. ते बसायचे, मी झाकायचे. दर खुणेला ते रागावायचे, आणि दर खुणेला मी "चुकलं बाबा" म्हणायचे. पाचव्या खुणेपाशी सुटा उतार मागे पडला. तिथे मागे काहीतरी धाडकन कोसळल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं नाही. विचारलं, "आता येता का माझ्याबरोबर?" त्यांनी तोंड फिरवलं. माझ्याबरोबर यायला ते तयार नव्हते, माझ्यापासून लांब जायला मात्र तयार होते. मग काय, सहावी. सातवी. दहाव्या खुणेच्या पट्ट्यात एक लाल ठिपका होता. मी दहावी पास झाले त्या दिवशी त्यांनी तो दिला होता, आणि कोणाला सांगू नकोस म्हणाले होते. तो झाकायला मी दोनदा ब्रश उचलला आणि दोनदा खाली घेतला. बाबांनी ते बघितलं, पण का ते त्यांना माहीत नव्हतं.

फाटकाशी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं, पथक अजून वाटेतच होतं. शेवटची खूण फळ्याच्याच खांबावर आहे. बाबा तिच्याखाली, स्वतःच्याच अक्षराखाली बसले आणि डोळे मिटले. डबा रिकामा झाला होता. तो भरलेला असता तरी ही खूण मी झाकली नसती, एवढं स्वतःबद्दल मला वाटून घेऊ दे.

फाटकात मोकळी जागा आहे, नळ आहे. मी लांबून वळसा घालून बाहेर गेले. करड्या डागांचा कोट काढून तिकीटवालीकडे फेकला, हात कोपरापर्यंत घासले, तोंड धुतलं, केस सारखे केले. मग बाहेरून आत आले, आत्ताच येतेय अशी.

"बाबा."

त्यांनी डोळे उघडले.

"डबडे! किती वेळ गं! इथे बसून बसून माझी पाठ मोडली."

मी त्यांच्या गळ्यात पडले. त्यांनी मला बाजूला सारलं, त्यांना घाई होती. "ते नंतर. आधी तक्रारवही आण. एक बाई आत सगळ्या खुणा पुसत सुटलीय. डोळ्यांदेखत पुसल्या माझ्या. लिही."

तिकीटवालीने वही दिली आणि आत जाऊन खिडकीचा पडदा ओढला. मी पायरीवर बसले आणि ते सांगतील तसं लिहिलं. तारीख. वार. घळीची वाट. एक अनोळखी बाई, वय पन्नासच्या आसपास.

"पंचेचाळीस," मी म्हटलं.

"तू बघितलंस का? मी बघितलंय. पन्नास. लिही, वारंवार सांगूनही तिने ऐकलं नाही. लिही, अशा माणसाला या कामावर ठेवू नये." ते थांबले. "आणि हेही लिही, की हात चांगला आहे तिचा. एका दमात झाकते, कडेला जराही सांडत नाही. कोणीतरी नीट शिकवलंय तिला."

मी तेही लिहिलं. मग सहीसाठी वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी पेन हातात घेतलं आणि ते हातातच राहिलं. नाव येईना. मी ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी सहीच्या जागी वरून खाली एक उभा पट्टा ओढला. गिरवून जाड केला. मग पान उलटलं आणि मागच्या बाजूला, बरोबर त्याच जागी, दुसरा.

"येणाऱ्यांसाठी," ते म्हणाले.

पिवळ्या रेघेवरून आम्ही घरी गेलो. वाटेत पेट्रोलपंपापाशी त्यांनी मला विचारलं, "तुम्ही याच बाजूला राहता का?"

सोमवारी साहेबांनी वही वाचली आणि नियमाप्रमाणे तक्रार खुलाशासाठी संबंधित कर्मचाऱ्याकडे पाठवली. खुणांचा कर्मचारी एकच आहे. शिपायाने वही माझ्या टेबलावर आणून ठेवली. खुलाशासाठी अर्धं पान कोरं सोडलेलं असतं. मी पेन उघडलं. मग लिहिलं, "तक्रार खरी आहे." खाली सही केली आणि नवा करडा डबा घ्यायला गोदामात गेले. फळ्याच्या खांबावरची एक खूण राहिली होती.